भीती वाटते, तरी भीतीदायक सिनेमा का आवडतो? दादासाहेब फाळक्यांच्या आयुष्यात सापडणारं उत्तर

चैत्र पौर्णिमेला डहाणू तालुक्यातल्या विवळवेढे इथे महालक्ष्मीची जत्रा सुरू होते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून आणि सीमेपलीकडच्या गुजरातमधूनही माणसं येतात. दर्शन आटोपलं की पोरांची पावलं आकाशपाळण्याकडे वळतात. पाळणा वरून खाली यायला लागला की पोटात गोळा येतो, किंकाळ्या उठतात आणि उतरलेली मंडळी हसत हसत पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभी राहतात. पैसे मोजून घाबरायचं, आणि तेही दोनदा.

याच तालुक्यांमध्ये नोव्हेंबर २०१८ पासून जमीन हलू लागली. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी, तलासरी या पट्ट्यात छोट्या-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यातला सर्वांत मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशी घराबाहेर पळण्याच्या धावपळीत पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. थंडीच्या दिवसांत कुटुंबं घराबाहेर, तंबूत झोपू लागली. शाळा उघड्यावर भरल्या.

पाळण्यात आणि तंबूत छाती सारखीच धडधडते. घाम तोच, कोरडा पडणारा घसाही तोच. मग एका ठिकाणी माणूस पुन्हा रांगेत का उभा राहतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याची झोप का उडते? भीतीदायक सिनेमा लोकांना का आवडतो, या नेहमीच्या प्रश्नाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधताना बहुतेकांना रामसे बंधू किंवा हिचकॉक आठवतात. पण भारतात पडद्यावरच्या भीतीचा पहिला मोठा कारागीर त्यांच्या कितीतरी आधीचा आहे. भयपटाशी त्याचं नाव कुणी जोडत नाही, कारण तो देवादिकांचे सिनेमे काढायचा. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके.

शरीरात नेमकं काय होतं?

आधी शरीराचं पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अचानक मोठा आवाज झाला किंवा अंधारातून काही अंगावर आलं की मेंदूतला बदामाएवढा भाग, अमिग्डाला, विचार करायच्या आधीच धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अॅड्रेनलीन सोडतात, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू पळायला तयार होतात. ही यंत्रणा पडदा आणि वाघ यांत फरक करत नाही. फरक करतो मेंदूचा पुढचा भाग, आणि तो क्षणभर उशिरा पोहोचतो. आपण खुर्चीत आहोत, शेजारी भाऊ बसलाय, हा सिनेमा आहे, हे तो सांगतो. धोका गेला, पण रक्तातलं अॅड्रेनलीन काही लगेच जात नाही. ही उरलेली उत्तेजना मग सुटकेच्या आनंदात मिसळते आणि तो आनंद वाढवते. डॉल्फ झिलमन या संशोधकाने १९७०च्या दशकात मांडलेल्या सिद्धांताचा हा सोपा सारांश. थिएटरमध्ये किंकाळीपाठोपाठ जो हशा येतो, तो याच हिशेबातून.

म्हणजे मजा येण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. शरीराला धोका खरा वाटला पाहिजे आणि मनाला तो खोटा आहे हे माहीत असलं पाहिजे. यातली दुसरी गोष्ट काढून घेतली की उरतो धुंदलवाडीचा तंबू.

ज्यांच्या कॅमेऱ्यालाच लोक घाबरले

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापनाचं काम मिळालं आणि कुटुंब मुंबईत आलं. धुंडिराज १८८५मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रणही शिकले. नंतर त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला. मुंबईहून बडोदा-गोध्र्याकडे जाणाऱ्या याच लोहमार्गावर डहाणू रोड स्टेशन लागतं.

गोध्र्यात त्यांना भीतीचं सर्वांत उघडं रूप बघावं लागलं. १८९६मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग पश्चिम भारतभर पसरला होता. १९००मध्ये या साथीत फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. त्यांनी गोध्रा सोडलं.

बडोद्यात पुन्हा स्टुडिओ सुरू केला, तर तिथे वेगळीच अडचण. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं, अशी वदंता पसरली होती. गिऱ्हाईक येईना. आज हे ऐकून हसू येतं. पण ज्या माणसाने यंत्र आतून पाहिलेलं नाही, त्याला काळ्या पेटीतून स्वतःचा चेहरा बाहेर आलेला पाहून दुसरं काय वाटणार? फाळक्यांचा धंदा बसला. पोटासाठी त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले.

याच सुमारास एका जर्मन जादूगाराकडून ते जादू शिकले. स्वतःचं आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावाने त्यांनी प्रयोगही केले. चरित्रात ही बाब बहुतेक वेळा गमतीची म्हणून येते आणि दोन ओळींत संपते. खरं तर पुढचे सगळे सिनेमे इथेच सुरू होतात. जादूगार आणि प्रेक्षक यांच्यात एक न बोललेला करार असतो. पेटीत बसलेली मुलगी खरोखर कापली जात नाही, हे दोघांनाही माहीत असतं, तरीही करवत फिरताना प्रेक्षक श्वास रोखतो. ज्या बडोद्याने कॅमेऱ्याची भीती घेतली, तिथे हा करारच झालेला नव्हता. एकाच माणसाने थोड्या वर्षांत भीतीच्या या दोन्ही बाजू अनुभवल्या होत्या.

पुढे पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकाराची नोकरी, स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडणं, लोणावळ्याला छापखाना, तो दादरला आणणं, रंगीत छपाई शिकायला जर्मनीची वारी आणि अखेर भागीदारांशी मतभेद होऊन बाहेर पडणं, असा प्रवास झाला. १९११ साली वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते रिकामे होते.

जिवंत जनावरं, पांढऱ्या कापडावर

त्या वर्षी एप्रिलमध्ये गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळके थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गेले. पडद्यावर जंगली प्राणी होते. मुलाने घरी येऊन हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. मग फाळक्यांनी घरच्यांनाही नेलं. तेव्हा ईस्टरचे दिवस असल्याने पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र चालू होतं आणि ते पाहताना फाळक्यांना डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण दिसू लागले. ही दुसरी गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे येते. पण त्याआधी एका लहान मुलाने पडद्यावरचं जनावर पाहिलं होतं आणि ते आपल्याला काही करत नाही, याचं त्याला इतकं नवल वाटलं होतं की कधी घरी जाऊन सांगतो असं झालं होतं. तेही लक्षात ठेवायला हवं.

पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी पडद्यावर आगगाडी आणली तेव्हा प्रेक्षक जीव घेऊन पळाले, ही कथा जगभर सांगितली जाते. चित्रपटाच्या इतिहासकारांना मात्र त्या पळापळीचा भक्कम पुरावा सापडलेला नाही. ल्युमिएंचे खेळ मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाले. लोक घाबरले असतील, दचकले असतील, पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिकीट काढून आले. म्हणून तर हा धंदा टिकला.

फाळक्यांना या यंत्राचं वेड लागलं. ते रोज तासन् तास सिनेमे बघत आणि घरी प्रयोग करत. जेवणाखाण्याकडे, झोपेकडे दुर्लक्ष झालं आणि एके दिवशी त्यांची दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांच्या मदतीने ती परत आली. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२मध्ये लंडनला गेले, कॅमेरा आणि तंत्र घेऊन परतले. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, जोडणं ही कामंही त्या करत. या बाईंशिवाय भारतीय सिनेमाचा आरंभ सांगता येत नाही, तरी पुरस्कार फक्त एकाच नावाने दिला जातो.

वांगणीचे दरोडेखोर

‘राजा हरिश्चंद्र’च्या चित्रणाच्या वेळचा वांगणीचा किस्सा या विषयासाठी मोलाचा आहे. बाहेरच्या चित्रणासाठी नटमंडळी फाळक्यांच्या आधी वांगणीला पोहोचली. बरोबर तलवारी, ढाली, भाले. गावकऱ्यांनी पाहिलं आणि दरोडेखोर आले अशी बातमी पाटलाकडे गेली. पाटलाने फौजदाराला कळवलं. आम्ही सिनेमावाले आहोत हे सांगून काही उपयोग झाला नाही, कारण सिनेमा म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांना अटक झाली. फाळके धावत आले, त्यांनी पेटी उघडून कॅमेरा दाखवला आणि त्यात फिल्म नसतानाच नटांना प्रसंग करून दाखवायला सांगितला. ते पाहिल्यावर मंडळींची सुटका झाली.

तलवारी त्याच होत्या आणि माणसंही तीच. मधल्या काळात बदललं एवढंच की पाहणाऱ्याला कॅमेरा दिसला. कॅमेरा दिसताच दरोड्याचा तमाशा झाला आणि घाबरलेलं गाव प्रेक्षक झालं. आजचे मानसशास्त्रज्ञ ज्याला संरक्षक चौकट म्हणतात, ती फाळक्यांनी वांगणीत फौजदारासमोर हाताने उभी करून दाखवली होती.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतर फाळक्यांनी मुक्काम नाशिकला हलवला.

देवाच्या सिनेमात भय कुठे होतं?

फाळक्यांनी निवडलेल्या कथांची नावं जरा या नजरेने वाचून पाहावीत. ‘मोहिनी भस्मासूर’मध्ये स्वतःच्याच हाताने राख होणारा राक्षस आहे. ‘सत्यवान सावित्री’मध्ये यम येतो. १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये एक नगरी जळते. ‘भक्त प्रल्हाद’मध्ये खांब दुभंगून नरसिंह बाहेर पडतो. जादूगार केळफाला हवी तशी सामग्री पुराणांत भरपूर होती. त्यात शेवटी देव जिंकतो हे प्रेक्षकाला घरातूनच माहीत असायचं, त्यामुळे करार आधीच झालेला होता.

१९१८च्या ‘श्रीकृष्णजन्म’मधले काही तुकडे आजही पाहता येतात. त्यात कंसाला होणारा भास आहे. आपल्याला कोण मारणार हे ठाऊक असलेला राजा भीतीने पोखरलेला आहे. त्याच्याभोवती कृष्णाच्या आकृती उमटतात आणि त्याचं शीर धडावेगळं होऊन हवेत वर जातं. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून साधलेली ही करामत शंभर वर्षांनंतरही अंगावर येते. इथे भीती देवाची नाही, अपराधी माणसाच्या डोक्यातली आहे. भयपट या शब्दाची ओळख होण्याच्या कितीतरी आधी फाळके तिथे पोहोचले होते.

तरीही त्यांचं खरं कसब पुढच्या वर्षी दिसलं. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली होती त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी, वय सुमारे सात वर्षं. सिनेमा गोकुळात सुरू होत नाही. आधी पडद्यावर मंदाकिनीचा चेहरा जवळून दिसतो. ती एकामागून एक भाव करून दाखवते. मग तोच चेहरा कृष्णाच्या वेशात येतो. म्हणजे ही एक मुलगी आहे, ती अभिनय करणार आहे, हे फाळके प्रेक्षकाला आधीच सांगून टाकतात.

आणि एवढं सांगून झाल्यावर ते तिला यमुनेत उडी मारायला लावतात. पाण्याखाली कालियाशी झुंज सुरू होते. कॅमेरा मधूनच काठावर येतो. तिथे गोकुळचे लोक आक्रोश करत आहेत, यशोदा कोसळते. पुन्हा पाण्याखाली, पुन्हा काठावर. आत काय चाललंय हे प्रेक्षकाला दिसतं, काठावरच्यांना दिसत नाही. ही मुलगी फाळक्यांची आहे हे माहीत असलेला प्रेक्षकही तिच्यासाठी घाबरतो. शिवाय पडद्यावरच एक घाबरलेली गर्दी असल्याने थिएटरमधला माणूस एकटा घाबरत नाही. हा चित्रपट मुंबईत कित्येक महिने चालला.

वाचकांपैकी कुणी जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा पाहिला असेल तर हे अनोळखी वाटणार नाही. मोखाड्याचा घाट चढून गेलं की त्र्यंबक, फाळक्यांचं जन्मगाव. होळीनंतरच्या दिवसांत त्या डोंगरपट्ट्यात रात्र रात्र सोंगं नाचतात. रावण, त्राटिका, नरसिंह, महिषासुर असे मोठाले मुखवटे उजेडात झुलत येतात, संबळ घुमत असतो आणि लहान मुलं आईच्या मांडीत तोंड खुपसून एका डोळ्याने बघत असतात. मुखवट्याखाली शेजारचाच काका आहे हे त्यांना माहीत असतं. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर वाघबारशीला पुजला जाणारा वाघदेवही याच जातीचा. ज्याची सर्वांत जास्त धास्ती, त्याला लाकडात कोरून, शेंदूर लावून गावाच्या नात्यात आणलेलं.

शास्त्र आता काय म्हणतं?

नाट्यशास्त्राने भयानक हा रस मानला आणि त्याचा स्थायीभाव भय. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मिरात अभिनवगुप्ताने प्रश्न केला की भय दुःखद असताना त्यातून आस्वाद कसा मिळतो. त्याने उदाहरण घेतलं शाकुंतलातल्या, राजाच्या बाणापुढे धावणाऱ्या हरिणाचं. रंगमंचावरची ती भीती माझी नसते, शत्रूची नसते, हरिणाचीही उरत नाही. कुणाच्याही नावावर नसलेली भीती चाखता येते, असं त्याचं म्हणणं थोडक्यात सांगता येईल.

डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी हे वेगळ्या वाटेने तपासलं. भुताटकीच्या घरात शिरणाऱ्या लोकांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावली. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसलं की फार कमी भीती वाटली तर मजा येत नाही आणि फार जास्त वाटली तरीही येत नाही. मजा मधल्या टप्प्यावर सर्वाधिक असते. भाजीतल्या तिखटासारखंच, आणि प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. म्हणून एकाला जो सिनेमा मिळमिळीत वाटतो, तोच दुसऱ्याला अर्ध्यात बंद करावा लागतो. त्यात भित्रेपणा किंवा शौर्य असं काही नाही.

करोनाकाळातल्या आणखी एका अभ्यासात भयपटांच्या चाहत्यांनी मानसिक त्रास तुलनेने कमी नोंदवला. सिनेमांनी त्यांना तयार केलं, की मुळातच असा स्वभाव असलेले लोक भयपटांकडे वळतात, हे त्यातून ठरत नाही. पण सुरक्षित जागी घाबरून पाहणं ही एक प्रकारची तालीम असू शकते, असा अंदाज संशोधकांनी मांडला आहे.

मग धुंदलवाडीत तालीम का होत नाही?

धक्के तर तिथे शेकड्याने बसले. सवय व्हायला हवी होती. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था आणि इतर यंत्रणांनी या भागात भूकंपमापक बसवले. ही भूकंपमालिका आहे, म्हणजे एकच मोठा धक्का आणि मग ओसरणारे धक्के अशी तिची रचना नाही, हे त्यातून समोर आलं. लहान धक्के येत राहतात, मध्येच एखादा मोठा येतो, आणि पुढचा कधी हे कुणी सांगू शकत नाही.

सिनेमा अडीच तासांनी संपतो. आकाशपाळणेवाला ठरावीक फेऱ्यांनंतर पाळणा थांबवतो. बोहाड्यात पहाट झाली की मुखवटे उतरतात. जमिनीला असा शेवट नाही आणि नको वाटलं तर उठून जायला दारही नाही. उलट ज्या घरात शिरून माणूस भीतीपासून लपतो, ते घरच धोक्याची जागा झालं. त्यामुळे धक्का ओसरल्यावर यायला हवी ती सुटकेची लाट येत नाही, नुसतं अॅड्रेनलीन उरतं. अशा भागातल्या एखाद्या मुलाला पडद्यावरचं कोसळणारं घर बघवत नसेल, तर त्याला भित्रा म्हणून चिडवणाऱ्याने हे ध्यानात घ्यायला हवं.

फाळक्यांनीही प्लेगवर सिनेमा काढला नाही.

शेवटची वर्षं

‘कालिया मर्दन’च्याच वर्षी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतल्या भागीदारांशी त्यांचं बिनसलं. ते काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं, काही वर्षांनी पुन्हा कंपनीत परतले आणि सिनेमे काढत राहिले. पण बोलपट आला तसा त्यांचा काळ मागे पडला. जादू डोळ्यांसाठी होती, आता प्रेक्षकाला कानही तृप्त हवे होते. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला १९३७चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. तेव्हा ते जवळजवळ विस्मरणात गेले होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९पासून दिला जाऊ लागला.

त्यांनी केलेले सुमारे ९५ चित्रपट बहुतांश नष्ट झाले आहेत. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते आणि नुसती पडून राहिली तरी कुजते. जे थोडं वाचलं, त्यात ‘कालिया मर्दन’चा बराच भाग आहे. तो ऑनलाइनही पाहायला मिळतो. आवाज नाही, चित्र खरबरीत आहे, साप उघडच बनवलेला आहे. सुरुवातीला फाळक्यांची मुलगी कॅमेऱ्याकडे बघून भाव करून दाखवते आणि थोड्या वेळाने पाण्याखाली त्या सापाच्या विळख्यात असते.